हवामानाचा अभ्यास आणि ऑक्टोबरची ग्रामसभा

आपला प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक होत असल्यास ती सुरुवातीलाच लक्षात येईल. आपण एका संशोधन संस्थेत काम करता. आपल्या चमूने एका जिल्ह्याच्या हवामानबदलाचा अहवाल तयार केला, त्याचे मराठी रूपांतर केले आणि पर्जन्यछायेतील चार गावांच्या ग्रामसभांत तो पडद्यावर दाखवला. लोकांनी शांतपणे ऐकले, सरपंचांनी आभार मानले, चहा झाला, आणि सहा महिन्यांनी पाहता गावातील एकही निर्णय त्या अहवालामुळे बदललेला दिसला नाही. आपण विचारले आहे की हे विज्ञान लोकांना आणखी सोप्या भाषेत कसे सांगावे.

पाणलोट आणि भूजलाच्या कामात बावीस वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की आपली अडचण भाषेची फारशी नाही. आपल्या अहवालात २०५० साली सरासरी तापमान किती वाढेल आणि पावसाची टक्केवारी किती बदलेल, हे होते. सभेला बसलेल्या माणसापुढे त्या आठवड्यात वेगळेच प्रश्न होते: विहिरीला पाणी किती दिवस पुरेल, कांदा किती एकर लावावा, शेजाऱ्याने नवे बोअर घेतले तर आपली विहीर आटेल का, आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्यात यंदा बंधाऱ्याची दुरुस्ती घालावी की पाण्याची टाकी. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर अहवालात नव्हते. ते कितीही सोप्या भाषेत सांगितले असते तरी नसलेले उत्तर त्यातून निघाले नसते. म्हणून ‘आमच्या निष्कर्षांचा गावाला काय उपयोग’ या टोकापासून सुरुवात न करता ‘गाव कोणता निर्णय, कोणत्या तारखेला, कोणाच्या तोंडून घेते’ इथून मागे यावे, असे मी सुचवेन.

प्रत्यक्षात मी काय करतो ते सांगतो. नव्या गावात गेलो की पहिले दोन-तीन महिने हवामानाविषयी काहीही बोलत नाही. एका वहीत गावाच्या वर्षभराच्या निर्णयांची नोंद करतो. मे महिन्यात बियाणे आणि खतांची खरेदी होते, तेव्हा सोयाबीन की कापूस की बाजरी हे बहुतेक ठरलेले असते. मृगापासून आर्द्रेपर्यंत पेरणीचा निर्णय असतो. श्रावणात पाऊस ताणला तर संरक्षक पाणी द्यायचे की नाही, हे ठरते. ऑक्टोबरमध्ये रब्बीचे पीक ठरते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते. जानेवारी-फेब्रुवारीत टंचाईचे प्रस्ताव जातात. डाळिंबाची बाग लावणे, शेततळे खोदणे, बंधारा बांधणे हे निर्णय कोणत्याही महिन्यात होतात, पण त्यांचे परिणाम पंधरा-वीस किंवा पन्नास वर्षे राहतात. प्रत्येक नोंदीपुढे मी तीन गोष्टी लिहितो: हा निर्णय खरोखर कोण घेतो, त्याच्यापुढे पर्याय कोणते आहेत, आणि अंदाज चुकला तर तोटा कोणाच्या पदरात पडतो. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि संशोधकांच्या वहीत तो बहुधा नसतोच.

ही वही तयार झाली की हवामानाची कोणती माहिती कोठे लागते, हे आपोआप दिसू लागते. कांद्याचा निर्णय चार महिन्यांचा आहे. त्याला २०५० च्या प्रारूपाचा, म्हणजे संगणकावर मांडलेल्या दूरच्या हवामानाच्या अंदाजाचा, काहीही उपयोग नाही. त्याला यंदा पडलेला पाऊस, विहिरींची आजची पातळी आणि गेल्या काही वर्षांचा अनुभव पुरतो. पेरणीच्या निर्णयाला पाच दिवसांचा आणि दोन आठवड्यांचा अंदाज लागतो. बंधाऱ्याच्या सांडव्याला, म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेला, मात्र पुढच्या काही दशकांत एका दिवसात किती पाऊस कोसळू शकतो, याची कल्पना असावी लागते, आणि इथे आपल्यासारख्यांच्या अभ्यासाची खरी गरज आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्याचे दिसले. हा निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवला तर लोक मान डोलावतात. तोच जलसंधारणाच्या कनिष्ठ अभियंत्यापुढे, सांडव्याची रुंदी ठरत असताना ठेवला, तर काँक्रीटचे माप बदलू शकते. आपला श्रोता प्रत्येक वेळी ‘गाव’ असतो, हा समज सोडून द्यावा लागतो.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तिच्यातून मी सर्वांत जास्त शिकलो. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका गावात मे अखेरीच्या बैठकीत उत्साहाने सांगितले की यंदा मॉन्सून सर्वसाधारण राहील असा अंदाज आहे. हवामान खात्याच्या परिभाषेत देशभरातील जून ते सप्टेंबरचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के झाला की तो सर्वसाधारण मानला जातो, आणि १९७१ ते २०२० या काळाच्या नोंदींवरून काढलेली ही सरासरी आज ८७ सेंटिमीटर धरतात. म्हणजे तो सबंध देशाचा चार महिन्यांचा आकडा आहे. गावाने ऐकले ते असे: ‘यंदा आपल्याकडे पाऊस चांगला, वेळेवर.’ मृगाच्या पहिल्या सरींवर पेरण्या झाल्या, मग तीन आठवडे पावसाने तोंड दाखवले नाही, आणि निम्म्या शिवारात दुबार पेरणी करावी लागली. हंगामाच्या शेवटी देशाचा आकडा अंदाजाच्या मर्यादेत होता. अंदाज बरोबर ठरला आणि बियाणे वाया गेले. पुढच्या बैठकीत एका वयस्कर शेतकऱ्याने मला विचारले, “साहेब, सर्वसाधारण म्हणजे आमच्या शिवारात किती?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या गावात पुढची दोन वर्षे माझ्या हवामानविषयक बोलण्याला कोणी किंमत दिली नाही, आणि ते योग्यच होते.

त्या माणसाच्या प्रश्नात दोन अडचणी आहेत. पहिली स्थळाची. हवामान खात्याच्या विभागणीत मध्य महाराष्ट्र हा एक उपविभाग आहे, आणि त्यातल्या एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. या जिल्ह्याची सरासरी काढली तर ती जिल्ह्यातील जवळजवळ कोणत्याच गावाची नसते. आपला अहवालही जिल्ह्याचाच आहे, हे लक्षात घ्यावे. दूरच्या भविष्याच्या प्रारूपांतील चौकटी, म्हणजे ज्यांचा मिळून एकच आकडा निघतो असे भूभाग, तर पंचवीस, पन्नास, कधी शंभर किलोमीटरच्या असतात. त्या चौकटीचा आकडा गावाच्या नावाने सांगणे हा मी गंभीर दोष मानतो. नकाशावर गाव दिसते म्हणजे आकडा गावाचा झाला, असे नसते.

दुसरी अडचण काळाची. शेतकऱ्याला चार महिन्यांची बेरीज नको असते, खंड कधी पडेल हे हवे असते. इथे मला एक युक्ती फार उपयोगी पडली. पावसाच्या जुन्या नोंदी आम्ही जून, जुलै, ऑगस्ट अशा न मांडता नक्षत्रांप्रमाणे मांडल्या. आपल्यातील काही जणांना हे अशास्त्रीय वाटेल, तसे ते मुळीच नाही. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थितीवर ठरतात. त्यामुळे मृग दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास, आर्द्रा २१-२२ जूनच्या आणि हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतो, आणि प्रत्येक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचे असते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे पंधरवड्याचे उत्तम कप्पे आहेत. फरक इतकाच की त्यांची नावे लोकांना तोंडपाठ आहेत आणि प्रत्येक नावाशी एक शेतीकाम जोडलेले आहे. तालुक्याच्या केंद्रावरील तीस वर्षांच्या दैनिक नोंदी घेऊन आम्ही एकच तक्ता केला: तीस वर्षांपैकी किती वर्षे मृगात ७५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, किती वर्षे आर्द्रेत, किती वर्षे पुनर्वसूत सलग दहा दिवस कोरडे गेले. ७५ हा आकडा का, तर जमिनीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे देत आली आहेत. तो सल्ला लोकांनी ऐकलेला होता. पण आपल्या तालुक्यात मृगात ही अट किती वेळा पूर्ण होते, हे कोणी मोजून दाखवले नव्हते. तक्ता भिंतीवर लावल्यावर बैठकीत पहिल्यांदाच लोक माझ्याशी बोलणे थांबवून एकमेकांशी वाद घालू लागले. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण आपल्या तालुक्यात खरी ठरते का, हेही त्यांनी त्याच तक्त्यावर तपासून पाहिले. संशोधन उपयोगी पडू लागल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

त्याच तक्त्यात शक्यता सांगण्याची पद्धतही बदलली. ‘पाऊस कमी राहण्याची शक्यता ४० टक्के’ हे वाक्य ऐकणारा माणूस बहुधा ‘पाऊस कमी राहणार’ किंवा ‘काही सांगता येत नाही’ असे दोनच अर्थ काढतो. ‘अशा दहा वर्षांपैकी चार वर्षे कोरडी गेली आणि सहा ठीक गेली, चारांत सापडलो तर आपल्याकडे दुसऱ्या पेरणीचे बियाणे आहे का’ असे विचारले की तोच माणूस हिशोब करू लागतो. एल् निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या घटनेच्या, बाबतीत तर याची फार गरज भासते. २०२३ मध्ये एल् निनो होता आणि ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, त्यामुळे आता गावोगावी हा शब्द दुष्काळाच्या अर्थाने वापरला जातो. पण १९९७ मध्ये एल् निनो अतिशय तीव्र असताना देशाचा पाऊस सर्वसाधारण झाला होता. ही दोन्ही वर्षे शेजारी शेजारी ठेवूनच मी एल् निनोविषयी बोलतो.

रब्बीचा निर्णय मात्र मला सर्वांत सुपीक जागा वाटतो. तिथे भविष्याचा अंदाज फारसा लागत नाही, पाऊस बहुतेक पडून गेलेला असतो आणि मोजणी अजून कामाला येते. गावाच्या पाण्याचा ताळेबंद ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. हिवरे बाजारने तो वर्षानुवर्षे मांडला, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि पाणी पाहून पीक ठरवण्याचा शिरस्ता पाडला. आंध्र प्रदेशात शेतकऱ्यांनीच विहिरी आणि पाऊस मोजून पिकांचा पाणी-अंदाज बांधण्याचा मोठा प्रयोग या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पाच हजारांहून अधिक गावे घेतली गेली आणि पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवण्यात मुंबईच्या आयआयटीचा हातभार लागला. म्हणजे सूत्र तयार आहे. ते गावाच्या गळी कसे उतरते, यावर थोडे सविस्तर लिहितो.

समजा शिवार १,००० हेक्टरचे आहे आणि पाऊस ५०० मिलिमीटर झाला. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी होते. शिवारावर ५० लाख घनमीटर पाणी पडले. हा आकडा ऐकून सगळ्यांना श्रीमंत झाल्यासारखे वाटते. मग वजाबाकी सुरू होते. बरेचसे पाणी पिके आणि माती घेते, बरेचसे वाफ होऊन जाते, काही ओढ्याने निघून जाते. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकात भूजलाला मिळणारा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास धरता येतो, खडक सच्छिद्र की टणक यावर तो कमी-अधिक होतो. म्हणजे हाती राहिले पाच लाख घनमीटर. दोन हजार लोकवस्तीला माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ४०,००० घनमीटर लागतात. जनावरांसाठी २०,००० धरू. उरले ४ लाख ४० हजार. गव्हाला हेक्टरी सुमारे ४,००० घनमीटर धरले तर या पाण्यात ११० हेक्टर गहू होतो. हरभऱ्याला त्याच्या निम्मे पाणी धरले तर २२० हेक्टर होतो. उसाला हेक्टरी २०,००० धरले तर अवघ्या २२ हेक्टरांत गावाचे सगळे पाणी संपते.

या गणितातली माझी आवडती ओळ वेगळीच आहे. गावाचे वर्षभराचे पिण्याचे आणि घरगुती वापराचे पाणी १० हेक्टर गव्हाइतके किंवा फक्त दोन हेक्टर उसाइतके असते. ती ओळ फळ्यावर लिहिल्यावर सभेत जी शांतता होते, ती कोणत्याही तापमानाच्या आलेखाने होत नाही. आकडे सगळे ढोबळ आहेत, हे मी दर वेळी सांगतो. खोल काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारी ओलाव्यावरच येते, ठिबकने उसाचे पाणी घटते, बंधाऱ्यात साठलेले पाणी वेगळे मोजावे लागते, आणि जमिनीत मुरलेले सगळेच पाणी उपसता येत नाही. तरीही चूक वीस-पंचवीस टक्क्यांची असली तरी निर्णय बहुधा तोच राहतो. निर्णय बदलण्याइतकी अचूकता मिळाली की थांबावे, पुढची अचूकता शोधनिबंधासाठी असते.

याच ताळेबंदातून हवामानबदलाचा विषय आपोआप निघतो, तो वेगळा शिकवावा लागत नाही. पाऊस तीस टक्क्यांनी घटला तर विहिरीचे पाणीही तीस टक्क्यांनीच घटेल, अशी सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षात ते अधिक घटते, कारण माती आपला वाटा आधी घेते आणि भूजलाला उरलेसुरले मिळते. तसेच पाचशे मिलिमीटर चाळीस दिवसांत पडला की दहा दिवसांत, यावर मुरणे आणि वाहून जाणे अवलंबून असते. पावसाचे दिवस कमी होऊन सरींचा जोर वाढत असल्याचे आपल्या अहवालात दिसत असेल, तर तो निष्कर्ष इथे, या वजाबाकीच्या ओळीत बसवावा. ‘पाऊस तेवढाच, पण विहिरीला कमी’ ही गोष्ट लोकांनी अनुभवलेली असते. अहवाल तिला कारण देतो.

मोजमापाची एकके मात्र गावाची घ्यावीत. घनमीटर फळ्यापुरता ठीक आहे. विहिरीचे पाणी लोक परसात (एक परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी खोली) सांगतात आणि उपसा मोटरीच्या तासांत. त्यामुळे आम्ही दोनशे लिटरचे बॅरल भरायला किती सेकंद लागतात, ते प्रत्येक निरीक्षण विहिरीवर मोजले आणि ताळेबंद ‘यंदा मोटर आठवड्याला किती तास’ या भाषेत उतरवला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी उपयोगी आहेत, पण गावागणिक त्यांची संख्या फार थोडी असते. गावाने स्वतः ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या मिळून आठ-दहा विहिरी निवडून महिन्यातून एकदा टेप सोडला तर चित्र बरेच स्पष्ट होते. आणखी एक गोष्ट अशी की स्वतः मोजलेल्या आकड्यावर माणूस भांडतो, पण त्याला खोटा म्हणत नाही. बाहेरून आलेल्या आकड्याच्या नशिबी नेमके उलटे येते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगतो, कारण वरचे सगळे वाचून हे सर्वत्र चालेल असा समज होऊ नये. आपली चार गावे कालव्याच्या लाभक्षेत्रात असतील तर पाण्याची आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, गावात ठरत नाहीत, कालवा सल्लागार समितीत ठरतात. तिथे गावाचा ताळेबंद एकट्याने लंगडा पडतो आणि तुम्हाला वेगळ्या दारात जावे लागते. गावात बोअर असलेले आणि नसलेले यांच्यात उघड वैर असेल तर पहिल्या वर्षी ताळेबंद जाहीर मांडू नये, असा माझा अनुभव आहे. त्याचा उपयोग एकमेकांवर आरोप करण्यासाठी होतो. आणि बाजारभाव. डिसेंबर २०२३ मध्ये, पाणी आधीच तोकडे असताना, कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. ज्यांनी ताळेबंद पाहून थोडाच पण कांदा लावला होता, त्यांनाही फटका बसला. कमी पाण्याचे पीक सुचवताना त्याला खरेदीदार आहे का, याची चौकशी आपण केली नसेल, तर आपला सल्ला अर्धा आहे. हरभरा पाणी वाचवतो हे शेतकऱ्याला आपल्याआधीपासून ठाऊक असते. तो का लावत नाही, हे विचारावे.

सभेला कोण बसले आहे, याविषयी मला थोडे कडक बोलायचे आहे. ‘समुदायाचा निर्णय’ हा शब्द अहवालांत सहज येतो. मराठवाडा आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या ज्या पट्ट्यातून ऊसतोड मजूर जातात, तिथे दसऱ्यानंतर गाडी भरली की गावातील भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत बाहेर असतात. रब्बीचा ताळेबंद तेव्हाच मांडला जातो. म्हणजे उन्हाळ्यात परतल्यावर ज्यांना टँकरच्या रांगेत उभे राहायचे आहे, तेच पाण्याच्या वाटपाच्या सभेत नसतात. आम्ही पहिली तीन वर्षे हे लक्षातच घेतले नाही. आमचा ताळेबंद विहीरमालकांचा झाला होता. नंतर आम्ही सभा दसऱ्याच्या आधी, सप्टेंबरअखेरीस घेऊ लागलो. हस्ताचा पाऊस धरला जात नाही, म्हणून आकडा थोडा कच्चा राहतो. मी कच्चा आकडा आणि भरलेली सभा पत्करतो. बायकांची बैठक वेगळी आणि आधी घ्यावी, कारण कोणती विहीर किंवा हातपंप कोणत्या महिन्यात दगा देतो, याची सर्वांत अचूक नोंद त्यांच्याकडे असते. आमच्या एका गावात त्यांनी सांगितलेला महिना आणि आमच्या टेपने दाखवलेला महिना तीन वर्षे सलग जुळला. मेंढपाळांना कोणी बोलावत नाही. त्यांनाही बोलवावे, पाणवठा कधी आटतो हे त्यांना माहीत असते आणि शेततळ्यांना कुंपण पडल्याचा पहिला तोटा त्यांचाच असतो.

इतका वेळ सांगितलेल्याची एक ओळ मध्येच काढायची तर अशी: आधी निर्णयाची तारीख आणि माणूस, मग त्या निर्णयाच्या आयुष्याला साजेसा काळ आणि त्याच्या क्षेत्राला साजेसे स्थळ, आणि मग आकडा, तोही त्यांच्या मापात. यानंतर एक काम उरते, ते बहुतेक प्रकल्प टाळतात. हंगाम संपल्यावर आपण काय सांगितले होते आणि काय घडले, हे त्याच भिंतीवर लिहावे. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्यातील पावसाचा अंदाज आणि गावच्या पर्जन्यमापकातील पाऊस आम्ही दोन रकान्यांत शेजारी लिहितो. दोन हंगाम गेले की लोकांना स्वतःच कळते की कोणत्या प्रकारचा अंदाज आपल्याकडे टिकतो आणि कोणता नाही. वळवाच्या पावसात तो फसतो, बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचे क्षेत्र सरकत आले की बराच जुळतो, असे आमच्या एका गावातील पोरांनी वहीवरून काढले. चुका लपवल्याने जेवढा विश्वास जातो, तेवढा त्या मोजून दाखवल्याने जात नाही. दुबार पेरणीनंतर मी हे केले असते तर ती दोन वर्षे वाया गेली नसती.

आपला तयार अहवाल मी फेकून द्यायला सांगत नाही. त्यातील दैनिक पावसाची मूळ आकडेवारी बाहेर काढा, चारही गावांसाठी जवळच्या केंद्राचा किंवा महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राचा नक्षत्रवार तक्ता करा, आणि २०५० चे प्रकरण जलसंधारण विभागाच्या अभियंत्यासाठी व बाग लावणाऱ्या शेतकऱ्यांसाठी वेगळे काढून ठेवा. डाळिंब किंवा मोसंबी लावणारा माणूस वीस वर्षांवर पैसे लावतो. त्याच्याशी ‘गेल्या तीस वर्षांत अशी किती वर्षे आली की बाग टँकरवर जगवावी लागली असती’ इथून बोलायला सुरुवात करता येते. चारही गावांत एकदम जाऊ नका. ज्या गावात आधीच कोणी तरी वहीत पाऊस लिहून ठेवतो, ते गाव आधी घ्या. असा माणूस जवळपास प्रत्येक गावात एखादा असतो, निवृत्त शिक्षक किंवा पोस्टातला, आणि त्याला आजवर कोणी ती वही मागितलेली नसते.

शेवटी एक व्यवहाराची बाब, जिच्यावर आमचे दोन प्रयत्न फसले. पर्जन्यमापक कोठे बसवायचा, हे विचारले की प्रत्येक गाव शाळा सुचवते. मोकळे पटांगण असते, मुले उत्साही असतात, शिक्षक रोज सकाळी साडेआठला नोंद करायला तयार होतात. पण मृग लागतो तेव्हा शाळेला सुटी असते. पहिल्या पावसाचे दिवस, ज्यांवर पेरणीचा सगळा निर्णय उभा असतो, नेमके तेच आमच्या वहीत दोन्ही वर्षे कोरे राहिले. आता आमचे मापक किराणा दुकानदाराच्या मागच्या अंगणात, छपरापासून आणि झाडांपासून पुरेसे दूर आहे. तो वर्षाचे ३६५ दिवस सकाळी दुकान उघडतो, आकडा वहीत लिहितो आणि दारावरच्या पाटीवर खडूने मांडतो. साखर न्यायला आलेला माणूस काल किती पाऊस झाला ते वाचून जातो, आणि पंचाहत्तरला अजून किती हवा, ही वजाबाकी तो दुकानातच करतो.